देव उजव्या हाताला

उरणला बंदरावर मी उभी उमेद ट्रेलर चालवण्यात घालवली. दोन ट्रेलरच्या मधल्या फटीत लांबलचक कंटेनर उलटा नेऊन लावायचा आणि आरशात बघत बघत चहा प्यायचा, असा मी माणूस. आणि आता काय चालवतो? गवत कापायची गाडी! चार चाकं आहेत, स्टिअरिंग आहे, बसायला सीट आहे, म्हणून गाडी म्हणायचं. बाजूनं एखादी कोंबडी चालत निघाली तर तीही पुढे जाईल. साखर डोळ्यांत उतरली, लांबचं धुरकट दिसायला लागलं, लायसन गेलं, त्याबरोबर ट्रेलर गेला. मी बोर्लीच्या अलीकडच्या आमच्या गावात परत आलो तेव्हा आमच्या भाताच्या शेताचं लॉन झालेलं होतं.

शेत बाबांनीच विकलं. त्यांना मी दोष देत नाही. दोन्ही अंगांना मुंबईवाल्यांची कुंपणं उठली, शेतात जायची पायवाट बंद झाली, पावसाचं पाणी जायची वाट बुजली. लावलेलं भात उभ्याउभ्या कुजायचं. मी उरणला, धाकटा कळंबोलीला, बांधावर एकटा म्हातारा. शेठ आला, गोड बोलला, बाबांनी अंगठा केला. फक्त एक अट घातली. ती कागदावर नव्हती, तोंडी होती. "देव हलवायचा न्हाय." शेठनं कानाला हात लावून सांगितलं, "काका, देव आहे तिथंच राहणार. तुम्ही केव्हाही या, तुमचंच घर आहे." गोष्ट खरी सांगायची तर शेठनं बरीच वर्षं हा शब्द पाळला.

देव म्हणजे शेताच्या मधोमध एक काळा दगड. गुडघ्याएवढा उंच, डोकं गोल, अंगाला शेंदूर. आमचा राखणदार. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही, डोक्यावर पत्रासुद्धा नाही. दर अवसेला त्याला नारळ आणि भात झोडून झालं की वर्षाचा कोंबडा. नारळ फोडला की खोबऱ्याचा एकेक तुकडा चार दिशांना भिरकवायचा आणि तो कुठं पडला ते बघायचं नाही. राखणदार एकटा नसतो म्हणे. त्याच्याबरोबर रात्रीचे फिरणारे असतात, त्यांचा तो वाटा. आणि देवाच्या आसपास फिरायचं तर देव कायम उजव्या हाताला ठेवून. नांगर धरलेला असो की डोक्यावर भारा असो, देव उजव्या हाताला. लहानपणी मी एकदा उलटा पळालो तर बाबांनी कान असा पिळला होता की दोन दिवस लाल होता. "डाव्या हाताला फक्त सरण घेतात," म्हणाले. "ध्यानात ठेव."

शेठनं शेताच्या कडेला बंगला बांधला होता, त्याच्या लॉनचं गवत कापायला माणूस हवा होता. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही ट्रेलर चालवलाय, हे तर तुमच्यापुढं खेळणं." आणि मी आपल्याच शेतात नोकरीला लागलो. बायको म्हणाली, "अवो, बरंच झालं की. घराच्या दारात काम, आणि बाबांचं देवाकडं जाणंयेणं तुमच्या डोळ्यासमोर." तिचं खरं होतं. बाबांना त्या दगडापलीकडे आता काही उरलं नव्हतं. आई गेली, शेत गेलं, दात गेले. सकाळी उठून कुंपणाच्या दारातून आत जायचं, देवापुढं बसायचं, त्याला गावच्या बातम्या सांगायच्या आणि घरी यायचं. देव तिथं आहे तोवर शेत विकलेलं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. माझ्याही मनात होतं, खोटं कशाला बोलू?

गाडी शिकवायला पनवेलहून एक मेकॅनिक आला. त्यानं गाडी तिरकी करून पोट दाखवलं. आत दोन पाती. कापलेलं गवत उजव्या अंगाच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. तोंडावर एक झडप, ती गवताला खाली जमिनीकडे दाबते. "झडप कधी वर बांधून ठेवायची नाही," तो म्हणाला. "तोंड माणसाकडे करायचं नाही, काचेकडे करायचं नाही, मोटारीकडे करायचं नाही. ज्या बाजूचं कापून झालंय त्या बाजूला तोंड ठेवायचं, म्हणजे तेच गवत परत पात्यात येत नाही. आणि तोंड चोंदलं तर आधी पाती बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि काठीनं उकरायचं. हात घालायचा नाही."

मी म्हटलं, "अरे बाबा, मी ट्रेलर चालवलाय."

"ट्रेलर काही फेकत नाही, काका. ही फेकते."

मी दगडाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि मधे हा असेल तर?"

तो हसला. "सोपं आहे. तोंड उजवीकडे, म्हणून देव डावीकडे घ्यायचा."

सोपं आहे म्हणे! माझ्या बापाला येऊन सांगावं त्यानं.

पहिल्या दिवशी माझ्या हातांनी मला न विचारताच देव उजवीकडे घेतला. सवय, दुसरं काय. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि बघतो तर देव दिसेना. हिरव्या ओल्या भुशाखाली पार गाडला गेलेला. शेंदराला गवत चिकटून बसलं होतं, डोक्यावर ढीग. बाबा आले, त्यांनी बघितलं. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसा देव पुसत बसले. खाचेत अडकलेल्या काड्या नखानं काढत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून पुढच्या वेळी मी मेकॅनिकचं ऐकलं. देव डावीकडे, गवत बाहेरच्या अंगाला. काम कसं छान झालं! देवावर एक काडी नाही. मी खुशीत गाणं गुणगुणत होतो आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. इंजिनच्या आवाजातूनही ऐकू आला म्हणजे बघा. मी गाडी बंद केली.

"कुणाचं सरण हाय ते?" बाबा ओरडत होते. "आँ? कुणाला जाळतोयस? मी अजून जित्ता हाय! का सराव करतोस?"

"बाबा, गवत उडतं देवावर. तोंड त्या बाजूला आहे मशीनला, मी काय करू?"

"तोंड मशीनला हाय, तुला बुद्धी न्हाय?"

इकडे आड तिकडे विहीर. सुलटा फिरलो तर देवाच्या तोंडावर गवत मारतो, उलटा फिरलो तर बाप मेल्याचं सोंग होतं. मग मी काय केलं, देवाभोवतीचं गवत कापलंच नाही. मोठं गोल रान तसंच ठेवलं आणि आतलं विळ्यानं कापीन म्हटलं. पण श्रावणात गवत काय वाढतं ते विळ्याला विचारा. शेठची बायको आली, ती रानाकडं बघून दोन पावलं मागं सरली. "भाऊ, यात साप असेल हो. पोरं खेळतात इथं." तिचं काय चुकलं? फुरसं मी स्वतः बघितलं होतं तिथं.

उपाय शेवटी बाबांनीच काढला. एका सकाळी बघतो तर म्हातारा कोंबड्या झाकायचं डालगं डोक्यावर घेऊन येतोय. देवापुढं उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बाबा राखणदारा, तुझं लेकरू गवत कापतंय. पोटासाठी करतंय. घटकाभर अंधारात बस, राग मानू नको." आणि डालगं देवावर पालथं घातलं. मला हसू आवरेना. ज्या देवाला मी जन्मभर भ्यालो तो खुडूक कोंबडीसारखा डालग्याखाली. बाबा पण हसले. त्यांच्या बोळक्यातून हसू आलेलं मी आईच्या माघारी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून तसंच चाललं. गवत कापायच्या दिवशी बाबा डालगं घेऊन यायचे, देव झाकायचे, बाजूला आंब्याखाली उभे राहायचे. मी देव उजवीकडे घेऊन फिरायचो, सगळं गवत डालग्यावर पडायचं. फिरून झालं की बाबा डालगं उचलायचे, झटकायचे आणि देवाला म्हणायचे, "झालं बघ." तेवढे दिवस बरे गेले. आयुष्यात मागे बघून चांगलं म्हणावं असं फार थोडं आहे माझ्याकडे, त्यात मी ते दिवस धरतो.

एकच काळजी होती, नारळाची. अवसेला बाबा नारळ फोडायचे आणि तुकडे चार दिशांना भिरकवायचे. भाताच्या चिखलात तुकडा पडला की संपला, कावळा न्यायचा नाहीतर खेकडा. लॉनमध्ये तो गवताच्या बुडाशी बसतो आणि पात्याची वाट बघतो. एकदा एक करवंटी पात्याला लागून बंदुकीसारखी वाजली. झडप होती म्हणून तिथंच खाली आपटली.

मी बाबांना विनवलं, "नुसतं खोबरं टाका हवं तर. करवंटी काढून टाका. चार तुकडे देवाच्या पायाशी ठेवलेत तर आणखी चांगलं."

"पायाशी ठेवलेलं त्यांना कसं पोचल? ते काय पंगतीला बसतात?"

"पण बाबा, आता शेत नाही ते."

"त्यांना म्हायती न्हाय," बाबा म्हणाले. "त्यांना कोण सांगायला गेलंय, शेत इकलं म्हणून?"

पण माझा चेहरा बघून त्यांनी मान डोलावली. सुरीनं खोबरं सोडवून टाकीन म्हणाले. म्हणाले खरं. पण हात थरथरतो, सुरी घसरते, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

आणि पुढच्याच पावसात झडप गेली. समुद्राचा वारा लोखंडाला जगू देत नाही. बिजागरीला गंज चढला, वरून ओल्या गवताचा लगदा तोंडात बसायचा, काठीनं उकरून उकरून एक दिवस झडप माझ्या हातात आली. मी शेठला लगेच फोन केला. तो म्हणाला, "नवी मागवतो, भाऊ. पण शनिवार-रविवारला सगळे येतायत, गणपतीच्या आधीची शेवटची सुट्टी. तोवर तसंच उरका, प्लीज." मी म्हटलं, धोका आहे. तो म्हणाला, "तुम्ही आहात ना, काळजीनं चालवता." पिठोरी अवस होऊन गेली होती. बाबांना मी विचारलं, करवंटी काढून टाकली ना? "व्हय व्हय," म्हणाले.

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. बाबांनी डालगं घातलं, गाऱ्हाणं घातलं, आंब्याखाली गेले. शेठची माणसं रात्रीच आली होती. बंगल्याच्या समुद्राकडच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, तिच्या आत शेठची नात फरशीवर चित्रं काढत बसलेली मला धुरकट का होईना, दिसत होती. मी देवाच्या समुद्राकडच्या बाजूला होतो. देव उजव्या हाताला, म्हणजे तोंड देवाकडे, आणि देवाच्या पलीकडे सरळ रेषेत बंगला. हे मला कळत होतं. बरंच अंतर आहे, मधे डालगं आहे, असं म्हणून मी चाललो होतो.

पात्याखाली काहीतरी टणकन वाजलं. तोंडातून काळं काही सुटलं, डालग्यावरून गेलं, आणि मग तो आवाज. अख्खी काच वरपासून खालपर्यंत पांढरी झाली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि खडीसाखरेच्या पोत्यासारखी सांडली. आत पोरगी कानावर हात ठेवून किंचाळत होती.

मी पाती कशी बंद केली, गाडीवरून कसा उतरलो, आठवत नाही. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. देवानं राखलं म्हणतात ते हेच असेल, पण म्हणायला जीभ धजेना. शेठनं तिला कडेवर घेतलं होतं.

बाबा आंब्याखालून चालत आले. अनवाणी. मी म्हटलं, "थांबा, काच आहे." ते थांबले नाहीत. काचेच्या ढिगाशी वाकले आणि त्यातून एक तुकडा उचलला. करवंटी. तिच्या आतल्या अंगाला खोबरं तसंच चिकटलेलं होतं. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, शेठला सांगायची गरज नव्हती.

शेठ चिडला असता तर बरं झालं असतं हो. मी दोन शब्द सुनावले असते, झडपेची आठवण करून दिली असती, बाबांनी काठी आपटली असती, तोंडी दिलेला शब्द काढला असता. पण तो ओरडलाच नाही. हळू आवाजात म्हणाला, "काका, हिला लागलं असतं तर?"

 

बाबा म्हणाले, "व्हय."

"देव आपण गेटजवळ चांगला बसवू. भटजी बोलावू, सगळं रीतसर करू. छोटं देऊळ बांधतो, संगमरवरी."

"व्हय," बाबा म्हणाले.

माझा बाप, ज्यानं बांधावरून सख्ख्या भावाशी मरेपर्यंत अबोला धरला, वाकडं बोलणाऱ्याला कधी सोडलं नाही, तो म्हातारा नुसता व्हय म्हणाला. करवंटी त्यांनी धोतराच्या कनवटीला खोचली आणि घराकडे निघाले. डालगं तिथंच राहिलं. ते मीच नंतर उचललं आणि मीच म्हटलं, "झालं बघ."

गणपती झाल्यावर देव हलवला. भटजी आला, मंत्र झाले. दगड केवढा खोल असेल असं आम्हाला लहानपणी वाटायचं, पाताळापर्यंत गेलाय म्हणायचे. पहारीच्या दोन हिसक्यांत निघाला. खाली एक हातभर खड्डा, दोन गांडुळं, बस्स. आता तो गेटपाशी विजेच्या मीटरशेजारी टाइल्स लावलेल्या देवळात बसतो. वर दिवा आहे, संध्याकाळी आपोआप लागतो. येणारे-जाणारे मोटारीतून हात जोडतात. शेठनं हयगय केली नाही, उलट जास्तच केलं. राखणदाराचा वॉचमन केला, एवढंच.

बाबा त्या देवळात एकदाही गेले नाहीत. बायकोनं विचारलं, "बाबा, अवस आहे, नारळ आणलाय." म्हणाले, "तिथं कोण हाय?" पुढे विषय संपला. जेवण कमी झालं. बातम्या सांगायला कुणी उरलं नाही म्हणून की काय, बोलणंही गेलं. माझ्याशी रागानं तरी बोलावं, माझी गाडी, माझं तोंड, माझी पाती, काहीतरी काढावं, म्हणून मी मुद्दाम खोड काढून बघितली. त्यांनी मान वळवली. राग धरायलाही माणसाला काही उरावं लागतं.

फक्त सकाळचं जाणं सुटलं नाही. कुंपणाच्या दारातून आत येतात, गेटकडे बघत नाहीत, सरळ लॉनच्या मधोमध जातात. खड्डा बुजवून त्यावर गवत लावलंय, कुणाला ओळखू येणार नाही. बाबा बरोब्बर त्या जागेवर बसतात. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खाली. लांबून माझ्या धुरकट डोळ्यांना कधी कधी दगडच वाटतो. शेठ म्हणाला, "बसू दे त्यांना, कुणाला त्रास नाही." भला माणूस आहे, मी कुठं नाही म्हणतो?

परवा गवत कापायला काढलं. नवी झडप बसवलीय. बाबा बसलेले होते. मी म्हटलं, "बाबा, घटकाभर आंब्याखाली बसता का?" हललेच नाहीत. पाहुणे यायचे होते, काम तर करायला हवं. मी लांबून सुरुवात केली, म्हटलं उठतील. फेरी आवळत आवळत आली. माझ्या हातांनी मला न विचारता त्यांना उजवीकडेच घेतलं होतं. झडप गवत खाली दाबते, पण वाऱ्यावर भुसा उडायचा तो उडतोच. त्यांच्या पाठीवर बसला, पांढऱ्या केसांत बसला, कानाच्या पाळीवर बसला. ते झटकत नव्हते. पुसायला टॉवेल खांद्यावर होता, तोही हिरवा झाला. मला रडू फुटलं आणि इंजिन चालू होतं म्हणून मी मोठ्यानं रडून घेतलं.

तेव्हा त्यांनी हात वर केला. मी पाती बंद केली, इंजिन बंद केलं.

"डोळ्यात जातंय," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलले.

"मग उठा ना, बाबा."

"उठत न्हाय. तू उलटा फिर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "उलटा?"

"व्हय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काहीच नव्हतं. "फिर. आता काय."

 मी चावी फिरवली, गाडी वळवली आणि बापाला डाव्या हाताला घेतलं.